ओवाळणी ते उतारा : करावे गावातील दिवाळीच्या मागणीचे वय

दिवाळीला काय हवे, हा प्रश्न घरोघरी दरवर्षी विचारला जातो. सातव्या-आठव्या वर्षी त्याचे उत्तर एखादी वस्तू असते. पंचविशीत ते बहुधा पैसा असते. साठीच्या माणसाला विचारावे, तर तो म्हणतो, "आता काही नको." या शेवटच्या उत्तरावर इतिहासाच्या अभ्यासकाने सहसा विश्वास ठेवू नये. त्या नकारामागे काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी हा धागा नवी मुंबईतील करावे गावाच्या आधाराने पुढे जातो.

करावे हे आगरी-कोळी वस्तीचे गाव. आज ते पाम बीच मार्गालगत, नेरुळ आणि सीवूड्सच्या उंच इमारतींच्या वेढ्यात आहे. टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आपल्या पत्त्यात याच गावाचे नाव लावते. हिवाळ्यात खाडीच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात आणि छायाचित्रकारांची गर्दी होते. त्या गर्दीतील फार थोड्यांना ठाऊक असते की, ज्या जमिनीवरून आपण कॅमेरा रोखतो आहोत, तो सारा परिसर अर्ध्या शतकापूर्वी भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. आगर म्हणजे मिठागर, हा अर्थ 'आगरी' या नावातच आहे.

येथे १९६० साली जन्मलेली एक मुलगी आणि तिच्या पाठचा भाऊ गृहीत धरू. ही कोणी विशिष्ट माणसे नव्हेत. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवली, त्यांपैकी कोणत्याही गावात ती असू शकली असती. त्यांच्या आयुष्यावर येऊन आदळलेल्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

१९६८ ची दिवाळी. मुलगी आठ वर्षांची. किनारपट्टीच्या गावात दिवाळी अडचणीच्या वेळी येते. मिठाचा हंगाम पावसापूर्वी संपलेला असतो आणि नवा अजून सुरू व्हायचा असतो. भात शेतात पिकून उभे असते किंवा नुकते कापणीला आलेले असते, पण त्याचे रोख पैसे अजून हाती आलेले नसतात. अशा घरात मुलांची मागणी आपोआपच बेताची राहते : नवे झबले किंवा फ्रॉक, काचेच्या बांगड्या, एखादी फुलबाज्यांची पेटी, टिकल्यांचे पिस्तूल, किल्ल्यावर ठेवायला चार मातीचे मावळे. वर्षाचे कापड सणालाच घेण्याची रीत केवळ हौसेची नव्हती, ती तंगीची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ साली सरकारला कापडाच्या किमतींवर आणि वाटपावर नियंत्रण आणावे लागले होते. त्या टंचाईतून गेलेल्या आईबापांना नव्या कापडाचे मोल मुलांपेक्षा अधिक कळत होते.

लहान मूल मागते तेव्हा ते हट्ट करते, पण हक्क सांगत नाही. मिळाले तर आनंद, न मिळाले तर रडणे; त्यापलीकडे तिसरी गोष्ट त्याला माहीत नसते. ही तिसरी गोष्ट, म्हणजे "हे मला भेट म्हणून देता आहात, की ते माझेच आहे?" हा प्रश्न, वयाबरोबर येतो. दिवाळीच्या मागणीतील खरा बदल तो आहे. फुलबाजीच्या जागी दुचाकी आली, एवढ्याने काही बदलत नाही.

मराठी भाषेला हा भेद फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सणाच्या देण्याघेण्यासाठी तिच्याकडे एक शब्द नाही, पुष्कळ आहेत. बहिणीने ओवाळल्यावर ताटात पडते ती ओवाळणी. गडी, टपालवाला, सफाई कामगार यांना दिवाळीत दिली जाते ती पोस्त. संक्रांतीला बायका एकमेकींना देतात ते वाण. लग्नकार्यात पाहुणा देतो तो आहेर. वडीलधाऱ्याने किंवा मालकाने खूश होऊन दिले ते बक्षीस. आणि राजाने जमीन दिली तर ते इनाम. गावगाड्यात बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे ते बलुते. ती भेट नव्हती, तो हक्क होता, आणि तो बुडवला तर गावात तंटा होई. त्याच माणसाला सणाला वर काही दिले, तर ती देणाऱ्याची खुशी. एकाच हाताने, एकाच माणसाला दिलेल्या दोन गोष्टींची नावे वेगळी, कारण एकीवर भांडता येते आणि दुसरीवर नाही.

इनामाची गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेले इनाम घरच्यांना स्वतःची मालमत्ता वाटू लागले होते. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कमिशनने एकच गोष्ट विचारली : कागद कोठे आहे? ज्यांच्यापाशी सनद नव्हती, त्यांच्या हक्काचे पुन्हा दानात रूपांतर झाले, आणि दान परत घेता येते. करावेसारख्या गावांवर हीच वेळ सव्वाशे वर्षांनी येणार होती, जरा निराळ्या रूपाने.

या गावांच्या जमिनीची स्थिती आधी लक्षात घ्यावी. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने मालक मानली जाऊ लागली. ठाणे-कुलाबा किनारपट्टीवरील अनेक आगरी कुटुंबांसाठी पिढ्यांच्या खंडानंतरची ही पहिली मालकी होती. आपली मुलगी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मली. ती दहा वर्षांची झाली, त्या १९७० साली, १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली. खाडीपलीकडे जुळे शहर असावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली होती. मुंबईचा श्वास मोकळा व्हावा, हा तिचा हेतू. तो हेतू चांगला होता, याविषयी फारसे दुमत नाही. पण ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील शेतकऱ्याने मालकीची चव चाखून पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती.

इथून भाऊ-बहिणीचे मार्ग वेगळे होतात. आधी भावाकडे पाहू.

विशीत आलेला भाऊ ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात लागला, असे समजू. गावातल्या अनेक घरांची तीच वाट होती. त्याच्या दिवाळीच्या मागणीला आता एकच नाव आहे : बोनस. बोनस हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, त्याच्याही मागे भेट आणि हक्क यांचा झगडा आहे, हे सहज विसरले जाते.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, तेव्हा १९१७ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीवर युद्ध-बोनस देण्यास सुरुवात केली. गिरण्या अमाप नफा कमावीत होत्या. पुढे काही वर्षे नफ्यातून एका महिन्याच्या मजुरीएवढा वार्षिक बोनसही मिळू लागला. कामगारांच्या घरी त्याच्यावर हिशेब बसू लागले : गावाकडचे देणे, मुलांचे कपडे, सावकाराचा हप्ता. मग १९२३ च्या वर्षाचा बोनस मालकांनी नाकारला. जानेवारी १९२४ मध्ये मुंबईतील दीड लाखाहून अधिक कामगारांनी काम थांबवले आणि संप मार्चपर्यंत चालला. सरन्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. समितीचा निष्कर्ष थोडक्यात असा : कामगारांना बोनसवर रूढीचा, कायद्याचा किंवा न्यायबुद्धीचा, कोणताच हक्क सांगता येत नाही. म्हणजे दिली होती ती पोस्त. आणि पोस्तीसाठी संप करता येत नाही.

हा निष्कर्ष उलटायला चार दशके लागली. १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने गिरण्यांच्या प्रकरणात बोनस मोजण्याचे सूत्र घालून दिले. १९६५ मध्ये बोनस प्रदान कायदा झाला. पुढे त्यात किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा होती, ८.३३ टक्के म्हणजे बाराव्या भागाएवढे, साधारण एका महिन्याचे वेतन. गंमत अशी की, ज्या दिवाळीसाठी महाराष्ट्रातला कामगार बोनसची वाट पाहतो, त्या दिवाळीचे नावही या कायद्यात नव्हते. रूढीने मिळणाऱ्या बोनसचे उदाहरण म्हणून त्यात नाव येई ते पूजा बोनसचे, म्हणजे बंगालच्या सणाचे. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, इतकेच तो कायदा म्हणत असे. ३१ मार्चला खाती बंद करणाऱ्या कारखान्याची मुदत त्यामुळे नोव्हेंबरअखेर संपते, आणि दिवाळी जवळजवळ नेहमीच तिच्या अलीकडे येते. सणाने कायद्यात असा मागच्या दाराने प्रवेश मिळवला आहे.

तेव्हा १९८३ च्या दिवाळीत आपल्या एकवीस वर्षांच्या भावाने मालकापुढे हात पसरलेला नाही. त्याने पावतीवर सही करून आपले घेतले आहे. सातव्या वर्षी मावळे मागणारा मुलगा आणि हा तरुण यांच्यात हे अंतर पडले आहे.

पुढे त्याचे लग्न होते आणि पहिला दिवाळसण येतो. हाच माणूस येथे पुन्हा लहान मूल होतो. सासुरवाडीत जावई रुसून बसतो. घड्याळ, अंगठी, सायकल, पुढे स्कूटर, अशी काळाप्रमाणे रुसव्याची किंमत वाढत जाते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचा भेद मागणीवर उभा आहे : आपखुशीने, न मागता दिलेली रिवाजाची भेट चालते, मागून घेतलेला हुंडा चालत नाही. रुसवा ही मागणी आहे की नाही, हे मात्र कोणत्याही कायद्याला ठरवता आलेले नाही. शब्द न उच्चारता मागण्याची ती युक्ती आहे, आणि बोनसच्या पावतीवर ताठ मानेने सही करणाऱ्या पुरुषाला ती वापरताना संकोच वाटत नाही, हे नमूद करून पुढे जावे.

आता बहीण. तिचे लग्न १९८० मध्ये, विसाव्या वर्षी झाले. लग्नानंतरच्या पहिल्या काही दिवाळ्यांत तिची मागणी वस्तूची नसते. भाऊ न्यायला यावा, किंवा भाऊबिजेला त्याने आपल्या दारात यावे, एवढीच ती असते. यम आणि यमी यांच्या कथेतही भाऊच बहिणीकडे जेवायला जातो. बहीण बोलावते, वाट पाहते, आणि त्याच्या येण्याने ती सुखावते. ओवाळणीचे लुगडे हे त्या येण्याचे निमित्त. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने या भावनेला एक सुंदर वळण दिले होते. स्त्रीशिक्षणासाठी 'भाऊबीज' म्हणून निधी मागायचा, म्हणजे ज्या मुलींना भाऊ नाही किंवा ज्यांच्या भावाला ऐपत नाही, त्यांना अनोळखी माणसाने ओवाळणी घालायची. ओवाळणीचा अर्थ असा वाढवता येतो, हे त्या संस्थेने दाखवून दिले. गावागावांत मात्र तो ताटाबाहेर गेला नाही.

१९८४ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन दोनच दिवस झाले असताना, जासई परिसरात गोळीबार झाला. १६ आणि १७ जानेवारीला मिळून पाच शेतकरी मारले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या लढ्याचे म्हणणे सोपे होते : जमीन घेता तर योग्य मोबदला द्या, आणि उभ्या राहणाऱ्या शहरात आम्हाला वाटा द्या. 'वाटा' हा शब्द महत्त्वाचा. कोणी अनुदान मागत नव्हते. या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला. १९९० मध्ये तिचा शासननिर्णय निघाला आणि २८ ऑक्टोबर १९९४ रोजी तो सुधारित स्वरूपात आला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होते. सार्वजनिक सुविधांसाठीची ३.७५ टक्के कपात जाता शेतकऱ्याच्या हाती ८.७५ टक्के येणार होते, आणि तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. ज्याची जमीन, तो आपल्याच जमिनीच्या तुकड्याचा भाडेपट्टेदार. सरकारी भाषेत याला लाभ म्हणतात आणि ज्याला तो मिळतो त्याला लाभार्थी. हे दोन्ही शब्द पोस्तीच्या घराण्यातले आहेत.

त्याच १९९४ सालाची दुसरी तारीख नवी मुंबईच्या इतिहासात कोणी सांगत नाही. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. देशव्यापी कायदा होण्याच्या अकरा वर्षे आधी. अट एकच होती : या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला ती दुरुस्ती लागू नाही. आपली मुलगी चौतीस वर्षांची होती आणि लग्नाला चौदा वर्षे झाली होती. एकाच वर्षी भावाला भूखंडाचा कागद दिसू लागला आणि बहिणीला हक्काच्या दारावर 'लग्न झालेले असल्यास प्रवेश नाही' अशी पाटी.

तरीही तिची सही लागत होती. मूळ १९५६ च्या कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता वारल्यास त्यांच्या स्वतःच्या हिश्शात विधवा, मुलगे आणि मुली या सर्वांना वाटा आहेच. वारस नोंदीत तिचे नाव आले. भूखंडाचे काम पुढे सरकायचे, तर वारसांचा मेळ बसायला हवा. मग हक्कसोडपत्र तयार होते. त्याची भाषा ठरलेली : नात्याच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता. वर्षानुवर्षे तिला ओवाळणी घालणाऱ्या भावाला आता तिच्याकडून भेट हवी असते, आणि ही भेट लुगड्याच्या कितीतरी पट मोलाची असते.

अशा सह्या दबावाखालीच होतात, असे म्हणणे सरधोपट ठरेल. पुष्कळ बहिणी मनापासून सही करतात. भावाचा संसार, आईचे म्हातारपण, भाच्यांची शिक्षणे त्यांना दिसत असतात. पण त्या सहीमागे एक हिशेबही असतो आणि तो प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ आहे : हिस्सा घेतला की माहेर तुटते. म्हणजे विसाव्या वर्षी तिची जी मागणी होती, भावाने दारात यावे, तीच शाबूत ठेवण्यासाठी चौतिसाव्या वर्षी ती हिस्सा सोडते. ओवाळणी चालू राहावी म्हणून हक्क सोडायचा. भेट आणि हक्क यांपैकी एकच मिळेल, असे तिला कोणी उघड सांगितलेले नसते. सांगावे लागत नाही.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायदा बदलला. लग्नाची अट गेली. मुलगी जन्मतः सहदायाद. ती पंचेचाळीस वर्षांची होती. पण त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नको, यावर न्यायालयांत पंधरा वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तो संपवला : वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने येतो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि हस्तांतरणे कायम राहतील. त्या वर्षी राखीपौर्णिमा ३ ऑगस्टला होऊन गेली होती. निकाल आठ दिवसांनी आला. मुलगी साठ वर्षांची होती.

करावे आणि शेजारच्या गावांत तोवर वाटून घ्यायला काय उरले होते? भातखाचरे सत्तरच्या दशकापासूनच संपादनात गेलेली. भूखंड बहुतेक ठिकाणी विकसकाच्या ताब्यात जाऊन त्यांवर इमारती उभ्या राहिलेल्या. उरले होते ते गावठाणातील घर आणि गावठाणाबाहेर गरजेपोटी वाढवलेले मजले. त्या मजल्यांचा प्रश्न भावाचाही होता. शहराच्या कागदावर ती घरे अनधिकृत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने गावठाण हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची घरे नियमित करण्याचा निर्णय घेतला, तोही भाडेपट्ट्याच्या रूपाने. असे निर्णय सणासुदीच्या आसपास आले की मथळा ठरलेला असतो : प्रकल्पग्रस्तांना भेट. भाऊ तेव्हा साठीला टेकलेला. त्याला दिवाळीला काय हवे असेल, तर घराच्या उताऱ्यावर स्वतःचे नाव. आणि ते 'भेट' या शब्दाखाली मिळते आहे, याचा राग त्याला येतो. तो राग योग्यच आहे. बहिणीच्या बाबतीत तोच शब्द आपणही वापरत आलो, हे त्याच्या मनात येते की नाही, हे कोणत्याही शासननिर्णयात वाचायला मिळत नाही.

आज त्याच गावातल्या आठ वर्षांच्या नातवंडाला सीवूड्स स्थानकावरच्या मॉलमध्ये दिसणारे खेळणे हवे असते. त्याचा हट्ट १९६८ च्या हट्टापेक्षा महाग आहे, जातकुळी तीच. साठीच्या आजीला, म्हणजे आजोबांच्या मोठ्या बहिणीला, कोणी विचारलेच तर ती म्हणते, "मला काही नको."

२०२० ची भाऊबीज १६ नोव्हेंबरला आली, निकालानंतर सुमारे तीन महिन्यांनी. त्या दिवशी कोणाच्या ताटात काय पडले, याची नोंद कोठेही नाही. हक्कसोडपत्रांची मात्र आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, सूची क्रमांक दोनमध्ये, वर्षवार, गावाच्या नावाखाली. लिहून देणाऱ्यांच्या रकान्यात बहिणींची नावे असतात, सासरच्या आडनावांनी. १९९४ नंतरच्या दहा वर्षांच्या सूच्या दिवाळीच्या तारखांशेजारी ठेवून कोणीतरी वाचायला हव्यात.